यंत्र घरचें असावें

घरांतील दिवे, पंखे, पाण्याचा पंप, गीझर हीं सर्व आपणहून चालावींत, अशी सोय आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांसहि परवडूं लागली आहे. तिन्हीसांजेस अंगणांतला दिवा आपोआप लागतो, वरची टांकी भरली कीं पंप थांबतो, ह्याचें कौतुक वाटणें साहजिक आहे. परंतु कौतुकाचे दिवस सरल्यावर गृहिणी जो प्रश्न विचारते तोच खरा: हें रोज चालेल काय? महिन्यांतून दोनदां चुकणारें यंत्र म्हणजे घरांतील आणखी एक काळजीच होय. म्हणून ही व्यवस्था भरंवशाची व काटकसरीची कशी करावी, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पहिली गोष्ट हुकुमाच्या वाटेची. आपण मोबाइलवर बोट टेकतों, तेव्हां पुष्कळ यंत्रांत तो हुकूम दोन हातांवरील दिव्याकडे सरळ न जातां दूरदेशींच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. वाट जितकी लांब, तितकी ती मोडण्याची भीति अधिक. ७ डिसेंबर २०२१ रोजीं अमेरिकेंत ॲमेझॉनच्या सर्व्हरकेंद्रांत बिघाड झाला, तेव्हां पुष्कळ घरांतील कॅमेरे व केर काढणारीं यंत्रें कांहीं तास मोबाइलचा हुकूम मानीनाशीं झालीं. रेव्हॉल्व्ह ह्या हबची सेवा मे २०१६ मध्यें कायमची बंद झाली. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्यें पूर्वसूचना न देतां थांबले. पैसे मोजून घेतलेली वस्तु घरांत शाबूत, पण तिचा धनी दुसराच! यास्तव खरेदीच्या वेळीं एक प्रश्न आग्रहानें विचारावा: इंटरनेट बंद असतां हें चालतें कीं नाहीं? घरांतच निर्णय घेणारा हब ठेवणें आज शक्य आहे. २०१३ पासून वाढत आलेली होम असिस्टंट ही प्रणाली घरच्या लहानशा संगणकावर चालते. आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मॅटर ह्या प्रमाणाप्रमाणें बनविलेलीं निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें घरांतल्या घरांत एकमेकांशीं बोलूं शकतात.

दुसरी गोष्ट भिंतीवरील बटणाची. आजोबा निजतांना सवयीनें बटण बंद करितात. मग हुकूम ऐकणाऱ्या दिव्याला वीजच मिळत नाहीं. झिगबी पद्धतींत तर विजेवर चालणारीं बहुतेक यंत्रें शेजारच्या यंत्राचा निरोपहि पुढें पोंचवीत असतात. त्यामुळें एक दिवा विझला कीं त्याच्या पलीकडचा दिवाहि मुका होण्याचा संभव असतो. दोष आजोबांचा नव्हे, मांडणीचा आहे. दिवा साधाच ठेवून बटणामागें रिले बसवावा, म्हणजे बटणहि चालतें व यंत्रहि चालतें. अपरात्रीं उठलेल्या आजीला दिव्यासाठीं मोबाइल शोधावा लागूं नये, ही आमच्या मतें अशा व्यवस्थेची पहिली कसोटी होय.

बिनतारी निरोपांची गर्दीहि कमी करावी. झिगबी व पुष्कळसें वायफाय हीं दोन्हीं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वावरतात. वायफाय १, ६ वा ११ ह्या चॅनेलवर असल्यास झिगबीस २५ वें चॅनेल सोयीचें पडतें. झिगबीचा ग्राहक संगणकाच्या यू.एस.बी. ३ च्या खांचेंत थेट खोंचूं नये. तेथील विद्युत्-गोंगाटानें त्यास नीट ऐकूं येत नाहीं. हातभर लांबीची केबल मध्यें घातली तरी पुष्कळदां काम भागतें. हब व राउटर इन्व्हर्टरवर ठेवावेत.

वीज जाऊन परत येते, तेव्हां प्रत्येक यंत्रानें काय करावें हें आधींच ठरवून द्यावें. पंप व गीझर बंदच राहिले पाहिजेत; नाहीं तर कोरडा पंप घरीं कोणी नसतां चालत राहील. २००० वॅटचा गीझर सुमारें ९ अँपिअर वीज ओढतो. त्यास १६ अँपिअरचा रिलेच असावा, आणि जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करवावी.

आतां काटकसर. प्रत्येकीं १ वॅट खाणारीं दहा यंत्रें नुसतीं जागीं राहून दिवसाला सुमारें पाव युनिट खर्च करितात. तेवढीच वीज २००० वॅटचा गीझर साडेसात मिनिटांत घेतो. तात्पर्य, विसरलेला गीझर थांबविणारें एक यंत्र पुष्कळ बचत करील. शोभेच्या दिव्यांस शहाणें करून बिल उतरणार नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरीं ही सारी मांडणी मुलगा करून देतो आणि नोकरीसाठीं परगांवीं वा परदेशीं जातो. मागें आईवडील राहतात, आणि बिघडलेलें यंत्र राहतें. म्हणून नियम थोडे असावेत. कोणतें यंत्र कोठें आहे व तें हातानें कसें बंद करावें, हें स्वच्छ मराठींत वहींत लिहून ठेवावें. हबचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणीं जपावा. महिन्यांतून एकदां, सर्व मंडळी घरीं असतां, तासभर इंटरनेट बंद करून पाहावें. दिवे लागले, पाणी चढलें, आणि कोणासहि कोणाला हांक मारावी लागली नाहीं, तर तें यंत्र आपलें झालें असें खुशाल समजावें.