ऊन फुकट, छप्पर कुणाचं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवी माणसाला सूर्यावर बोलायला सांगितलं की तो पहाटेच्या लालीपासून सुरुवात करतो. मी आज वीजबिलापासून सुरुवात करणार आहे. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण घराच्या गच्चीवर सौर पॅनल बसवावेत की नाही, या एका प्रश्नापायी गेल्या दोन वर्षांत मी इतक्या लोकांची डोकी खाल्ली, की त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही कॅलेंडरच्या शेजारी चिकटवत होतो. आमच्या तालुक्याच्या गावात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. मुलं कंदिलाशी अभ्यास करायची आणि मुशायरा रंगात आला की माइक हमखास गप्प व्हायचा. बाहेर मात्र ऊन असं की डांबर वितळावं. तेव्हा अब्बा म्हणायचे, "एवढं ऊन वाया चाललंय, याचं काही करत का नाहीत?"

करत होते. सूर्यप्रकाशापासून चांगल्यापैकी वीज देणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडलं की तिच्यात विजेचा प्रवाह सुरू होतो. हलणारा भाग नाही, धूर नाही, आवाज नाही. अडचण होती ती किमतीची. १९७०च्या दशकात एका वॅटच्या पॅनलला आजच्या पैशात शंभर डॉलरच्या आसपास पडत. ती वीज उपग्रहालाच परवडायची. आज तोच वॅट पाव डॉलरपेक्षाही स्वस्त आहे.

आपल्या देशातही हाच प्रवास दिसतो. राष्ट्रीय सौर अभियान २०१० साली सुरू झालं, तेव्हा पहिल्या लिलावांत सौर विजेच्या एका युनिटला बारा रुपयांच्या आसपास दर मिळाला. २०१७ साली मध्य प्रदेशातल्या रीवाच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला. २०२५ सालाच्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. तेव्हा ही वीज जमेल का, हा प्रश्न आता उरला नाही. उरला आहे तो परवडेल का हा. आणि कुणाला परवडेल, हा त्याहून मोठा.

आता गच्चीवर या. एक किलोवॅटच्या पॅनलला साधारण शंभर चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. आषाढ-श्रावणात कमी, फाल्गुन-चैत्रात जास्त. बसवण्याचा खर्च किलोवॅटला पन्नास-साठ हजार रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरलं.

माझा हिशेब सांगतो. आमच्या घरात महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे युनिट वीज लागते. बिल दोन हजारांच्या वर. मी दोन किलोवॅट बसवले. खर्च एक लाख वीस हजार, त्यातले साठ हजार अनुदानाचे परत आले. अनुदान मागून येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, हेही ध्यानात ठेवा. बँका सहा-सात टक्क्यांच्या आसपास, तारण न घेता कर्ज देतात. पण व्याजाचं कर्ज नको, असं आमच्या अम्मीचं म्हणणं. मग भिशी माझ्या नावे लवकर उचलली आणि थोडी शिल्लक मोडली. आता दिवसा आमची जादा वीज तारेतून बाहेर जाते, रात्री आम्ही तारेतून घेतो आणि मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. याला नेट मीटरिंग म्हणतात. बिलात स्थिर आकार आणि किरकोळ काही उरतं. तीन वर्षांत पैसे वसूल होतील. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची. मधे इन्व्हर्टर मात्र एकदा तरी बदलावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवायचे.

एक गंमत सांगतो. बसवल्यानंतर आठवड्यातच भरदुपारी वीज गेली आणि आमचेही पंखे थांबले. माथ्यावर सूर्य, गच्चीवर पॅनल आणि खाली आम्ही घामाघूम! मी तावातावाने फोन केला. तंत्रज्ञ म्हणाला, "काका, तार दुरुस्त करायला खांबावर माणूस चढतो. तुमच्या घरातून तारेत वीज गेली तर त्याचं काय?" म्हणून बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद पडते. हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं.

मी खुशीत होतो. एका रविवारी माझी धाकटी बहीण आली. नवरा गेल्यापासून ती शिवणकाम करते. मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत राहते, वर पत्रा. शिलाई मशीनची मोटर, एक पंखा, दोन दिवे, टीव्ही. महिन्याला साठ-सत्तर युनिट, बिल चारशे-पाचशे रुपये. ती म्हणाली, "भाईजान, मलाही लावून द्या ना. पाचशे वाचले तर पोरीच्या क्लासची फी निघेल."

मी वहीत तिचा हिशेब मांडला आणि गप्प झालो. एक किलोवॅटला साठ हजार, अनुदान तीस हजार. उरलेले तीस हजार महिन्याला पाचशेच्या आत वाचवून फेडायचे, म्हणजे पाच-सहा वर्षं. माझे तीन वर्षांत आणि तिचे सहा वर्षांत! कारण साधं आहे. महिन्याला शंभर युनिटच्या आत विजेचा दर कमी असतो, पुढे तो चढत जातो. माझं पॅनल माझे महागडे युनिट वाचवतं, तिचं पॅनल तिचे स्वस्त युनिट वाचवील. ज्याचा वापर जास्त, त्याचा फायदाही जास्त.

पण खरी अडचण तिथेही नव्हती. पत्रा घरमालकाचा, मीटर घरमालकाच्या नावावर. अनुदान मिळतं ते स्वतःच्या छपराला आणि स्वतःच्या नावच्या जोडणीला. घरमालकाला विचारलं तर तो म्हणाला, "ही उद्या खोली सोडून गेली तर?" त्याचंही खोटं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ऊन फुकट आहे, पण ते घाऊक विकत घ्यावं लागतं. किराणा दुकानात शंभर ग्रॅम तेल मिळतं, रॉकेल बाटलीभर मिळायचं. सौर वीज मात्र पंचवीस वर्षांची एकदम घ्यायची. रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाला वस्तू महाग पडते, ती बहुधा याच कारणाने. किंमत कमी होऊनही ती त्याच्या हाताला लागत नाही.

ही गाठ सोडवण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी झाला. बांगलादेशात २००३ साली घरगुती सौर संचांची योजना सुरू झाली. तारा न पोहोचलेली गावं, रॉकेलची चिमणी. तिथे संच फुकट वाटले नाहीत. दहा-पंधरा टक्के रक्कम आधी द्यायची, उरलेली साधारण तीन वर्षं हप्त्याने. हप्ता रॉकेलवर होणाऱ्या खर्चाच्या जवळपास बसवला. गावात आधीपासून बचतीचं आणि लहान कर्जाचं काम करणाऱ्या संस्था पुढे आल्या. हप्ता घ्यायला येणारी संस्थाच संचाची देखभाल करायची. बिघाड दुरुस्त झाला नाही तर हप्ता कोण देईल? पन्नास हजार संचांचं पहिलं उद्दिष्ट मुदतीच्या तीन वर्षं आधी, २००५ सालीच पुरं झालं. २०१८ पर्यंत एक्केचाळीस लाखांहून अधिक संच बसले आणि सुमारे दोन कोटी माणसांच्या घरात दिवा लागला.

पुढचंही सांगायला हवं. तारांची वीज झपाट्याने गावोगाव पोहोचली. काही ठिकाणी सरकारी खर्चाने पॅनल मोफत वाटले गेले. मग हप्ते भरणाऱ्याला वाटू लागलं, आपणच का भरायचे? थकबाकी वाढली, विक्री आटली, योजना संपली. पण तोवर एक पिढी उजेडात अभ्यास करून मोठी झाली होती. भारतातही कर्नाटकात 'सेल्को' ही संस्था १९९५ पासून हेच करत आली. फेरीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्याला त्याच्या कमाईच्या चालीने हप्ता आखून द्यायचा. संस्थेचे संस्थापक हरीश हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण पाकिस्तानचं. तिथे विजेचे दर इतके वाढले, की लोकांनी कुणाची वाट न पाहता पॅनल लावले. २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे सतरा हजार मेगावॅटचे पॅनल त्या देशात गेले. पण ज्यांच्याकडे पैसा आणि गच्ची, त्यांनी लावले. खांब, तारा, जुन्या वीजकेंद्रांचे करार यांचा खर्च तसाच राहिला आणि तो उरलेल्या ग्राहकांत वाटला जाऊ लागला. उरलेले म्हणजे कोण? ज्यांना स्वतःचं छप्पर नाही ते. माझ्या बहिणीसारखे. आपल्याकडे असं होऊ द्यायचं नसेल तर आजच विचार करायला हवा.

शेतकऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे हा विचार बराच झाला आहे. आपल्या गावांत पिकाला पाणी द्यायला शेतकरी रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत रानात जात आला आहे. सूर्य दिवसा असतो आणि पाणीही दिवसाच हवं असतं, त्यामुळे इथे बॅटरीचीही फारशी गरज नाही. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के ठेवला गेला. फक्त एक भान हवं. ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालत राहिला, तर विहिरीचा तळ लवकर दिसेल. पाणी फुकट नाही.

राहिली रात्र. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात, तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. ती वेळ आजही बरीचशी कोळशावर निभावते. लिथियम बॅटरीची किंमत २०१० सालच्या तुलनेत दहाव्या हिश्शावर आली आहे, म्हणून नव्या मोठ्या प्रकल्पांत सौर विजेबरोबर साठवणही मागितली जाते. लहान घराला मात्र बॅटरीचा खर्च अजून जड जातो. तार असेल तर तारेलाच साठवण समजावं, हे बरं.

मग बहिणीसारख्यांनी काय करायचं? रस्ते आहेत. दिल्लीत २०१९ साली अशी सोय झाली, की पॅनल एका ठिकाणी आणि त्याची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून वजा. शाळेची, समाजमंदिराची, मशिदीची, बाजार समितीची छपरं मोठी असतात आणि दिवसा नुसती तापत असतात. अशा एका छपरावर वीस घरांचे पॅनल बसले, तर भाडेकरूलाही खोली बदलताना ऊन मागे सोडून जावं लागणार नाही. आपल्या राज्य सरकारनेही २०२५ साली महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी एक किलोवॅटची वेगळी योजना जाहीर केली. पाऊल योग्य दिशेने आहे. पण छपराचा प्रश्न तिथेही उरतोच.

तुम्ही पॅनल लावायचा विचार करत असाल, तर गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून बसा. बिल मोठं असेल तर उशीर करू नका. गच्चीवर दुपारी सावली पडते का ते स्वतः वर जाऊन पाहा. विकणाऱ्याला दराबरोबर हेही विचारा, की पाच वर्षांनी बिघडलं तर कोण येणार? आणि पंधरवड्यातून एकदा पॅनलवरची धूळ पुसा. तेवढ्यानेही वीज वाढते.

बहिणीच्या खोलीवर अजून पॅनल नाही. तिच्या घरमालकाचे तीन भाडेकरू आहेत. त्या तिघी बायकांनी आता एक भिशी सुरू केली आहे. पैसे त्या भरणार, पॅनल घरमालकाच्या नावावर लागणार आणि बिलात वाचेल तेवढं भाड्यातून कापायचं, असा बेत आहे. घरमालक दोनदा 'बघू' म्हणाला आहे. गेल्या आठवड्यात तो माझ्या गच्चीवर येऊन पॅनल हात लावून पाहून गेला. खाली उतरताना त्याने बहिणीचा नाही, माझ्या बिलाचा आकडा विचारला. मी वही काढली आणि दोघांचेही हिशेब त्याच्यापुढे ठेवले.