भिंत उतरवायची वेळ येते तेव्हा

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात मातीच्या गाऱ्यातले जुने घर मोडायला निघाले की काम छपरापासून सुरू होते. आधी कवेलू उतरवतात. फुटके बाजूला आणि धड वेगळे रचून ठेवतात. मग फाटे आणि बल्ल्या निघतात, शेवटी सागाची चौकट. भिंतीला पहारीचे दोन-चार घाव पुरतात, कारण विटांमधला गारा सुकलेली मातीच असते. वीट हाताने घासली की मोकळी होते आणि तिची पुन्हा चळत लागते. खाली उरलेल्या ढिगाऱ्यात पाणी आणि तणस घालून तुडवले की तोच गारा परत वापरता येतो. नको असेल तर तो धानाच्या बांधीत पसरला जातो. पूर्व विदर्भात घर मोडणे हे आजवर एक प्रकारचे वाटपाचे काम होते. काय कोणाकडे जाणार, हे घर मोडण्याआधीच ठरलेले असे. एखाद्या बांधकाम साहित्याचा पर्यावरणावरचा भार जन्मापासून शेवटापर्यंत मोजायचा, असे तज्ज्ञ म्हणतात तेव्हा त्यातल्या ‘शेवटा’चा अर्थ या ढिगाऱ्यापाशी नीट कळतो. म्हणून घराच्या कामात अलीकडे शिरलेल्या पॉलियुरेथेन फोमचा, म्हणजे मिस्त्री ज्याला नुसता ‘फोम’ म्हणतात त्याचा, हिशेब मी या शेवटाकडून तपासतो आहे.

फोम येतो पत्र्याच्या डब्यात, साधारण 750 मिलिलिटरच्या. डबा वीस-तीस वेळा हलवायचा, उलटा करून गनला लावायचा, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट ओली करायची आणि ट्रिगर दाबायचा. ओली का करायची, तर हा फोम हवेतल्या आणि भिंतीतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया करूनच घट्ट होतो. पिवळसर, चिकट दोर बाहेर पडतो आणि डोळ्यांदेखत फुगू लागतो. म्हणून जाणता मिस्त्री फट अर्धीच भरतो. काही मिनिटांत वरची साय धरते, तासाभरात सुरीने कापता येतो. एका डब्यातून मोकळ्या जागेत पस्तीस-चाळीस लिटर फोम निघतो, असे कंपन्या सांगतात. ज्या फटीत पूर्वी रेजाला घमेल्याने माल आणून द्यावा लागे आणि मग आठवडाभर पाणी मारावे लागे, ती एका माणसाने दहा मिनिटांत भरलेली असते. शहरांकडे याच फोमची एक जात ब्लॉकच्या भिंती जोडायलाही वापरली जाते: ब्लॉकवर दोन बारीक दोर ओढायचे आणि वरचा ब्लॉक ठेवायचा. एक डबा सिमेंट-मालाच्या 25 किलोच्या पोत्याचे काम करतो, हा कंपन्यांचा दावा आहे.

हा दावा मी खरा धरून चालतो, कारण फोमच्या बाजूचा सर्वात मजबूत पुरावा तोच आहे. सिमेंटचा क्लिंकर भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, शिवाय भट्टीचे इंधन जळते. एक किलो क्लिंकरमागे 800 ग्रॅमच्या वर वायू हवेत जातो. राख मिसळलेल्या सिमेंटात हा आकडा खाली येतो. 25 किलोच्या पोत्यात तिसरा हिस्सा सिमेंट धरला, तर ढोबळ हिशेबाने पाच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड त्या पोत्याच्या नावे पडतो. फोमच्या डब्यातले द्रव्य पाऊण-एक किलो. पॉलियुरेथेन बनवताना किलोमागे साधारण चार किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, त्यात पत्र्याचा डबा मिळवला तरी बेरीज पोत्याच्या खालीच राहते. वाहतूक कमी, पाणी जवळपास नाही, रेती शून्य. वैनगंगेच्या पात्रातून रेती कशी आणि किती उपसली जाते, हे भंडारा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. रेती वाचवणाऱ्या वस्तूला उडवून लावायचा अधिकार या जिल्ह्यातल्या माणसाला तर अजिबात नाही. इथवर फोम जिंकतो, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण हा हिशेब कारखान्याच्या फाटकापाशी संपतो. डब्यातले द्रव्य बाहेर ढकलायला आणि फुगवायला वायू लागतो, आणि खरा प्रश्न या वायूचा आहे. एके काळी त्यासाठी ओझोनचा थर विरवणारे वायू वापरत. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हटत गेले. कडक फोमच्या कारखान्यांत वापरला जाणारा एचसीएफसी-141बी आयात करणे भारताने 1 जानेवारी 2020 पासून बंद केले. त्यांच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता अडवतात. एचएफसी-134ए हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट तापवणारा आहे. एका डब्यात तो 100 ग्रॅम धरला, तर त्या एकाच डब्याचा भार 143 किलो झाला. म्हणजे पोत्यामागे वाचलेल्या किलो-दोन किलोची बचत तर गेलीच, वर 50 किलोची जवळपास पाच पोती सिमेंट बनवण्याइतका कार्बन अंगावर आला. युरोपीय संघाने अशा जास्त तापवणाऱ्या वायूंचे फोमचे डबे 4 जुलै 2008 पासून बाजारातून काढले. भारताने मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती 2021 मध्ये मान्य केली आणि आपल्या वाट्याला एचएफसीचा वापर गोठवण्याचे वर्ष आले 2028. प्रत्यक्ष कपात त्यानंतरची. आज बरेच उत्पादक प्रोपेन, आयसोब्युटेन, डायमिथाइल ईथर असे कमी तापवणारे वायू वापरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ते डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात डबा रंग आणि भाव बघून उचलला जातो. एकाच फळीवर ठेवलेल्या दोन डब्यांच्या भारात चाळीसपट अंतर असू शकते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. अशा वस्तूला सरसकट ‘हरित’ म्हणणे मला चुकीचे वाटते.

मूळ रसायनाकडेही एकदा बघितले पाहिजे. ओटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत शोधलेली ही जोडणी दोन द्रव्यांची आहे: एक पॉलिऑल, दुसरे आयसोसायनेट. फोममध्ये वापरतात ते एमडीआय. ते बेन्झिनपासून नायट्रोबेन्झिन, त्यापासून अ‍ॅनिलिन अशा पायऱ्यांनी येते आणि शेवटच्या पायरीला फॉस्जीन हा अतिशय विषारी वायू लागतो. पॉलिऑल एरंडेलापासून करता येते आणि एरंडेलात भारत जगात पहिला आहे, तेव्हा हा माल देशी आणि शेतीतला होईल, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. पॉलिऑलची बाजू शेतातून आली तरी आयसोसायनेटची बाजू खनिज तेल आणि फॉस्जीन यांचीच राहते. फोम घट्ट झाला की तो माणसाला फारसा त्रास देत नाही. त्रास आहे तो ओला असताना. आयसोसायनेटची एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उफाळतो. युरोपात ऑगस्ट 2023 पासून हे द्रव्य धंद्यासाठी हाताळणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे मिस्त्री उघड्या हाताने फोम दाबतो आणि बोटांना चिकटलेला थिनरने पुसतो. त्याला कोणी हातमोजे दिलेले नसतात.

आता गावच्या कामातली एक साधी अडचण, जी कंपनीच्या कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. घरकुलाच्या घराला दोन दारे, तीन-चार खिडक्या. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे, त्याला एवढ्याच चौकटी येतात. डबा पुरून उरतो. गनऐवजी नळीचा डबा असेल तर एकदा वापरल्यावर नळीत फोम घट्ट होतो आणि उरलेला माल आतच अडकतो. पुढचे काम महिन्याने निघाले तर डबा बादच. त्यात विदर्भाचा उन्हाळा. 50 अंशांच्या वर तापू देऊ नका, अशी सूचना या डब्यांवर असते. मे महिन्यात पारा सावलीतच 45 च्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. पोत्यातले उरलेले सिमेंट शेजारी मागून नेतो. अर्धा राहिलेला फोमचा डबा कोणी नेत नाही.

मग तो जातो कुठे? रंगाचे डबे आणि कीटकनाशकांचे डबे 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले होते आणि तो वेगळा द्यायला सांगितले होते. जर्मनीत फोमचे रिकामे डबे परत गोळा करून उरलेले द्रव्य आणि पत्रा वेगळा करणारी यंत्रणा अनेक वर्षे चालू आहे. आपल्या गावात हा डबा उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात पडतो. आत पेट घेणारा वायू आणि तळाशी ओले आयसोसायनेट असलेला डबा हातोड्याने चेपणे धोक्याचे आहे, कचऱ्याबरोबर पेटवणे त्याहून धोक्याचे. घट्ट झालेला फोमही जळताना हायड्रोजन सायनाइड सोडतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सिमेंटच्या जुडाईतली वीट तरी कुठे मोकळी होते? कडक मालातली भिंत फोडली की विटेचे तुकडेच हाती येतात. मातीचा गारा सोडला तेव्हाच आपण ते वाटप गमावले, मग दोष एकट्या फोमला का? हे खरे आहे आणि सिमेंटला मी निर्दोष म्हणत नाही. तरीही फरक उरतो. वीट आणि सिमेंट यांचा मलबा खनिजच असतो. तो जोत्यात भराव म्हणून जातो, पांदण रस्त्यावर पडतो, खड्ड्यात बसतो आणि तिथेच राहतो. फोम त्यात मिसळला की ही सोय बिघडते. हे प्लास्टिक एकदा जुळले की वितळत नाही, त्यामुळे साधा पुनर्वापर होत नाही. रसायनाने ते तोडता येते, पण मोठ्या कारखान्यात आणि स्वच्छ माल मिळाला तरच. उघड्यावर पडलेला फोम उन्हाने तपकिरी होतो, ठिसूळ होतो, भुगा सुटतो. हा भुगा पाण्यावर तरंगतो. पहिल्या मोठ्या पावसात तो नालीतून बोडीत आणि बोडीतून बांधीत जाणार. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर ज्या जिल्ह्याची शेती उभी राहिली, तिथे उतारावरून वाहणारी प्रत्येक वस्तू शेवटी कोणाच्या तरी धानात पोचते.

भिंत जोडण्यासाठी फोम वापरायचा म्हटले तर आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. फोमचा सांधा पातळ असतो, म्हणून त्याला मापात कापलेला कारखान्याचा ब्लॉक लागतो. गावच्या विटाभट्टीची वीट एकसारखी नसते. तिचा उंचसखलपणा मालाचा जाड थरच सामावून घेतो. राखेचा ब्लॉक चांगला आहे, आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची राख वापरली गेलीच पाहिजे. पण तो ब्लॉक पातळ सांध्याच्या सिमेंट-मालातही नीट बसतो. त्यासाठी फोमची अट नाही.

फोमने फटी बंद होतात आणि वीज वाचते, हा युक्तिवाद जिथे वातानुकूलन आहे तिथे पूर्ण खरा आहे. शीतगृहाच्या भिंतीत, लस ठेवण्याच्या खोलीत, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात पॉलियुरेथेन आपला भार काही वर्षांत फेडते आणि तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहीन. दारावर झरोका ठेवून हवा खेळती ठेवणाऱ्या घरात, कूलरसाठी खिडकी उघडी टाकणाऱ्या घरात, चौकटीभोवतीची बोटभर फट हवाबंद करून कोणतीही वीज वाचत नाही. तिथे फोम वाचवतो तो फक्त मिस्त्रीचा वेळ. वेळेलाही किंमत आहे, मजुरी महाग झाली आहे, हे मान्य. पण मग त्याला वेळेची सोय म्हणावे आणि तेवढ्यापुरताच वापरावा.

तेव्हा एकोडीत किंवा कोणत्याही गावात घर बांधणाऱ्याला एवढेच सांगणे आहे: चौकटीला होल्डफास्ट आणि मालच लावा, म्हणजे उद्या चौकट सोडवता येईल. फोम घ्यायचाच असेल तर डब्यावर एचएफसी लिहिले आहे का ते दुकानदाराकडून वाचून घ्या, दोन-तीन घरांच्या चौकटींचे काम एकाच दिवशी काढून डबा पूर्ण संपवा आणि मिस्त्रीला हातमोजे द्या. ग्रामपंचायतीने एक ठराव करावा: फोमचा डबा ज्या दुकानातून आला त्याच दुकानाने तो परत घ्यावा, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल डबे परत गेल्याची पावती पाहूनच काढावे.