जळतो तो धूरच

मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीवरून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. काडी वातीला टेकायच्या आत ज्योत धुरावरून सरसर खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! चुलीतल्या लाकडाचंही असंच असतं. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा होऊन नाचतात ते हे वायू. जे न जळता निसटतात, तेच धूर होऊन आईच्या डोळ्यांत जातात.

हा धूरही जाळून टाकता येईल असं इंधन कापसाच्या रानातून मिळतं. बीडकरांची धाकटी पंढरी, नारायणगड, अशाच कापसाच्या मुलखात आहे. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, थोड्या सरपणाला ठेवायच्या आणि उरलेल्या बांधावर पेटवून द्यायच्या. त्याच पऱ्हाटीचा भुसा वाळवून पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने रेटला की करंगळीपेक्षा बारीक, ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या पडतात. या पेलेट. त्यांत वेगळा डिंक लागत नाही. लाकडातलंच लिग्निन उष्णतेने मऊ होतं आणि थंड होताना भुसा घट्ट धरून ठेवतं. या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. पाणी लागलं की मात्र कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो.

या कांड्या तीन दगडांच्या चुलीत ओतल्या तर नुसत्या घुसमटतात, कारण त्या इतक्या दाटीने बसतात की मधून वारा फिरत नाही. त्यांना उभं पत्र्याचं भांडं हवं, बुडाशी भोकं असलेलं आणि वरच्या काठाखाली भोकांची आणखी एक रांग असलेलं. कांड्या या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरायच्या आणि जाळ वरून लावायचा. आच हळूहळू खाली सरकते, खालून वायू वर येतात, वरच्या भोकांतून आलेली ताजी हवा त्यांना गाठते आणि धूर बाहेर पडायच्या आतच जळून जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने घडलेली ‘ऊर्जा’ शेगडी याच तत्त्वावर, छोट्या पंख्याच्या जोरावर चालायची. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ती पोचली होती.

उघड्यावर पेटवताना जागा सपाट, मातीची हवी. कडब्याच्या गंजीपासून आणि वाळल्या गवतापासून ती चांगली लांब असावी, कारण माळावरचा वारा ठिणगी कुठवर नेईल याचा भरवसा नाही. पदर खोचून घ्यावा, लेकरं लांब बसवावीत, शेजारी पाण्याची बादली ठेवावी. पेटवायला पऱ्हाटीच्या बारीक काड्या पुरतात. रॉकेल किंवा पेट्रोल विस्तवावर कधीच ओतू नये, त्याची वाफ हात मागे घेण्याआधीच पेट घेते. ज्वाळा विझून नुसता धूर येऊ लागला, तर त्यावर वाकून फुंकर घालू नये. तो साठलेला धूर म्हणजे न जळलेलं इंधनच असतं आणि ते एकदम भडकतं.

शेवटी ज्वाळा जातात, धूरही थांबतो. तळाशी निखारे उरतात आणि ते पाहून शेगडी घरात न्यावीशी वाटते. ती नेऊ नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो झोपेतच गाठतो. निखारे उघड्यावरच पूर्ण गार होऊ द्यावेत. मग भांडं हळूच उपडं करून पाहा: काही कांड्या पहिल्यासारख्याच दिसतात, तोच आकार, फक्त थोड्या आक्रसलेल्या, काळ्या आणि पिसासारख्या हलक्या.