गोश्त घरात शिजतं, पण बोटी कुणाच्या ताटात?

“आपण गोश्त खाणारे, आपल्याला बी-१२ कमी कसं पडेल?” शिवरे परिसरात आजाराचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी, डाळ, भाकरीत नसतं. ते गोश्त, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. पण एका जेवणातून शरीर साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषून घेतं. म्हणजे जुम्म्याच्या एका दावतीत आठवड्याची भरपाई होत नाही. रोज थोडं थोडं पोटात जावं लागतं. शिवाय चिकनमध्ये बी-१२ मटणापेक्षा बरंच कमी असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक दिसलं. पुढच्या मधुमेहाची ही पायवाट असते. आईच्या ताटातली उणीव लेकरापर्यंत पोहोचते, ती अशी.

आता आपला दस्तरखान पाहा. आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुलं. शेवटी बसणाऱ्या अम्मीच्या किंवा सुनेच्या वाट्याला शोरबा आणि बटाटा येतो. घर गोश्त खाणारं, पण ती बाई जवळपास शाकाहारी!

यकृतात बी-१२चा साठा असतो, म्हणून कमतरता कळायला वर्षं लागतात. सतत थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा ही लक्षणं वयावर ढकलू नका. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि वयस्करांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं. गोळी किंवा इंजेक्शनही त्यांच्याच सल्ल्यानं.

घरात मात्र एवढं करता येईल: रोज पेलाभर दूध, वाटीभर दही, एक अंडं. रमजानमध्ये सहरीला दही ठेवावं. आणि सालन वाढताना, स्वयंपाक करणारीच्या बोटी आधी बाजूला काढाव्यात.