मोबाईलच्या बाजारात नेमकी टक्कर कुणाची?

श्रीरामपूर असो की शेवगाव, मोबाईलच्या दुकानांवर विवो आणि ओप्पोच्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, या दोघांचं हाडवैर असणार. गिऱ्हाइकासाठी ओढाताण आहेच. पण दोघांचं मूळ बीबीके इलेक्ट्रॉनिक्स या एकाच चिनी कंपनीत आहे. वनप्लस आणि रिअलमीही त्याच गोतावळ्यातले. आणि चौघांच्याही फोनच्या आत चालतं ते गूगलचं अँड्रॉइड.

म्हणजे लढाया दोन. फोन कोण विकतो, ही पहिली. तिच्यात क्रमांक सतत बदलतात. 2014 च्या सुमारास मायक्रोमॅक्सने सॅमसंगला घाम फोडला होता, 2017 च्या अखेरीस शाओमी पुढे गेली, पुढे विवो. फोन चालवणारी प्रणाली कुणाची, ही दुसरी. ती भारतात जवळपास संपलेली आहे: शंभरातल्या नव्वदहून अधिक स्मार्टफोनवर अँड्रॉइड आहे.

‘अँड्रॉइड तर फुकट आहे, मग गूगलला काय मिळतं?’ हे अर्धंच खरं. मूळ प्रणाली कुणीही घ्यावी, पण प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलशी करार करावा लागतो. त्या कराराने सर्च, क्रोम, यूट्यूब असं सगळं बिऱ्हाडच सोबत यायचं. शिवाय अँड्रॉइडची स्वतःची वेगळी आवृत्ती बाजारात आणायलाही कंपनीला आडकाठी असायची. यावरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड मात्र 2023 मध्ये कायम राहिला.

फोन चांगला असला की टिकतो, हीसुद्धा समजूतच. नोकियाच्या विंडोज फोनचे कॅमेरे आजही लोक आठवतात. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाईल व्यवसाय विकत घेतला, तरी अ‍ॅप बनवणारे तिकडे वळलेच नाहीत, आणि 2019 संपताना व्हॉट्सअ‍ॅपनेही तो फोन सोडला. आपल्याकडचं उदाहरण ई-पीक पाहणीचं. 15 ऑगस्ट 2021 पासून सातबाऱ्यावर पीक नोंदवायला शेतकऱ्यानेच बांधावरून अ‍ॅपमध्ये फोटो टाकायचा. कोट्यवधी विकला गेलेला जिओफोन कायओएसवर चालणारा. त्यावर हे अ‍ॅप चालत नाही. ज्याच्या खिशात तोच फोन, त्याला पोराचा नाहीतर शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागावा लागणार. अशा वेळी पुढचा फोन कुठला घ्यायचा हे अ‍ॅपच ठरवून टाकतं, दुकानदार नव्हे.

राहिले बातम्यांमधले टक्के. ‘बाजारहिस्सा’ म्हणजे लोकांच्या हातातले फोन नव्हेत. बहुतेक अहवाल कंपनीने त्या तिमाहीत बाजारात पाठवलेले नग मोजतात. त्यातले काही दुकानाच्या कपाटातच पडून असतात. काही अहवाल नगांऐवजी रुपये मोजतात. अ‍ॅपलचा हिस्सा नगांत लहान, रुपयांत मोठा. त्यामुळे एकाच तिमाहीत दोन कंपन्या ‘आम्हीच पहिले’ म्हणू शकतात, आणि खोटं दोघीही बोलत नसतात.