शेपटीतले इंजिन काढले, तेव्हा

गोव्याला सहल नेणारे शिक्षक दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयातही डोकावतात. तिथे ‘अलिझे’ नावाचे एक जुने विमान ठेवले आहे. 1961पासून ते आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून पाणबुड्या शोधायला उडत असे. त्याचा जन्म मात्र एका रद्द झालेल्या आराखड्यातून झाला.

फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचे ‘व्हल्टूर’ हे हल्ला करणारे विमान 1951 साली प्रथम उडाले. त्याच्या नाकाशी प्रोपेलर होता आणि शेपटीत जेट इंजिन. दोन इंजिने कशाला? प्रोपेलर पुष्कळ हवा बेताच्या वेगाने मागे ढकलतो. जेट थोडी हवा फार वेगाने फेकते. निम्मी हवा दुप्पट वेगाने फेकली तर संवेग तेवढाच राहतो, पण गतिज ऊर्जा दुप्पट खर्च होते. (फळ्यावर करून दाखवण्याजोगे गणित आहे.) म्हणून लांबच्या प्रवासाला प्रोपेलर आणि हल्ल्याच्या वेळी जोडीला जेट, अशी योजना होती. पण निव्वळ जेट विमाने पुढे निघून गेली आणि व्हल्टूर मागे पडले.

मग त्याच्याच दुसऱ्या नमुन्यात फेरफार झाले. शेपटीतले जेट काढून त्या जागी पोटाखाली उतरवता येणारा रडारचा घुमट बसवला. 1956 साली अलिझे उडाले.

रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. पाणबुडीने हवेसाठी नळी वर काढली, तर तेवढीच दिसते. एरवी भिस्त ध्वनीवर. आम्ही खाप्याची मुले कन्हान नदीत बुडी मारून, दुसऱ्याने पाण्यात दगडावर दगड आपटला की तो आवाज ऐकत असू. अगदी कानाशी वाजल्यासारखा येई. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500. अलिझे समुद्रात तरंगते सोनोबॉय टाकी. त्यांचा मायक्रोफोन पाण्याखाली लोंबतो आणि ऐकलेले रेडिओने विमानाला कळवतो. विमानाने तासन्‌तास वर घिरट्या घालायच्या. इथे प्रोपेलरची काटकसरच कामाची.

संथपणाची किंमतही होती. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. 194 जण गेले. दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलेले एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटर जेटने गाठून पाडले. त्यातले तिघे परतले नाहीत.