वन अँड टू अँड टी

बाखची एखादी भव्य रचना बसवायची आहे. समोर दोनशे हौशी गायक, दिवसभराची नोकरी आटोपून तालमीला आलेले. कंडक्टर म्हणतो, शब्द बाजूला ठेवा. भाव तर आज नकोच. ज्याने त्याने आपापल्या स्वरावर फक्त मात्रा मोजायच्या, त्याही अगदी हलक्या आवाजात. आणि सभागृहात सुरू होतं: ‘वन अँड टू अँड टी अँड फोर अँड...’ ‘थ्री’ नाही, ‘टी’. कारण ‘थ्र’ उच्चारताना जीभ रेंगाळते, आणि दोनशे जिभा दोनशे तऱ्हांनी रेंगाळतात.

ही रीत रॉबर्ट शॉ यांची. कॅलिफोर्नियात १९१६ साली जन्मलेला धर्मोपदेशकाचा मुलगा. संगीताची पदवी नाही. पोमोना कॉलेजात ते विद्यार्थ्यांच्या गायकवृंदापुढे उभे असताना फ्रेड वेअरिंग या लोकप्रिय बँडप्रमुखाने त्यांना हेरलं आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. बाख-बेथोव्हेन वाचायचे कसे, हे ते पुढे ज्युलियस हरफोर्ड या जर्मनीहून आलेल्या गुरूकडे शिकले. १९४५ मध्ये शॉ यांनी तयार केलेल्या गायकांना घेऊन विख्यात कंडक्टर टोस्कानिनी बेथोव्हेनची नववी सिंफनी करत होते. टोस्कानिनींचा धाक सर्वश्रुत होता. सात वर्षांत एवढी मजल!

मला यात नवल वाटतं ते वेगळंच. कंडक्टर स्वतः एक स्वरही काढत नाही. मग मोठ्या वृंदात तो नेमकं करतो काय?

आधी निव्वळ भौतिकशास्त्र बघा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठावर पुढे वाद्यवृंद, मागे पायऱ्यांवर गायक. पहिल्या व्हायोलिनपासून शेवटच्या रांगेपर्यंत सतरा मीटर धरले, तर व्हायोलिनचा आवाज तिथे पोहोचायला एक विसांश सेकंद लागतो. ऐकून गायलं तर त्या गायकाचा आवाज तेवढाच मागे पडणार, आणि त्याला परत पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. दर सेकंदाला आठ स्वर पडणाऱ्या जलद भागात ही दिरंगाई जवळजवळ एका स्वराएवढी होते. प्रकाशाला मात्र उशीर होत नाही. म्हणून मागच्या रांगेने लय डोळ्यांनी धरायची, कानाच्या मोहाला बळी पडायचं नाही. हाताच्या इशाऱ्यांचं एक मोठं कारण इतकं रोकडं आहे. उरलेल्या नाट्यमय हातवाऱ्यांबद्दल मला नेहमीच थोडा संशय वाटत आला आहे.

पण हात दिसला म्हणून दोनशे जणांचा शब्द एकत्र पडेलच असं नाही. ‘स्त’ किंवा ‘क्र’ अशा जोडाक्षराने सुरू होणारा शब्द घ्या. मात्रा नक्की कशावर पडायची, ‘स’वर की पुढच्या ‘अ’, ‘आ’सारख्या स्वरावर? शॉ यांचं उत्तर ठाम होतं: मात्रेवर स्वर हवा, व्यंजन तिच्या आधी उरकलेलं हवं. शब्दाच्या शेवटच्या ‘म’, ‘न’लाही मोजून वेळ द्यायचा, कारण तेही सुरात गाता येतात. कथकातली पढंत ज्यांनी ऐकली आहे त्यांना या मात्रा मोजण्यातली गंमत लगेच कळेल. आधी बोल तोंडात बसतात, मग पाय चालतात. फरक एवढाच की इथे मात्रा म्हणतानाच स्वरही लागत असतो, त्यामुळे लय आणि सूर एकाच कसरतीत घासले जातात.

हलकं गाण्यामागेही हिशेब आहे. आपला आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाला की माणूस नकळत तो चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. वृंदात एकाने आवाज चढवला की शेजारी चढवतो, मग त्याचा शेजारी. सगळे ओरडू लागतात आणि सूर कुणालाच ऐकू येत नाही. हळू गायलं की शेजाऱ्याचा सूर कानावर येतो आणि आपला त्याला जुळवून घेता येतो.

शॉ यांचा सुराचा एक सराव तर आपल्याकडच्या रसिकांना चक्रावून टाकेल. सगळ्यांनी एकच स्वर धरायचा आणि सोळा मात्रांत फक्त अर्धा स्वर वर सरकायचं, समान गतीने, सोबत्यांना न सोडता. सप्तकात बावीस श्रुती मानणारे आपण. शॉ यांच्या सरावाच्या हिशेबाने अख्खं सप्तक चढायचं तर १९२ पायऱ्या होतात. आणि हे करणारे हौशी लोक!

शॉ यांनी १९४१ मध्ये न्यूयॉर्कला कॉलेजिएट कोराल हा गायकवृंद उभा केला, तेव्हा त्यात गोरे, काळे, ज्यू सगळे एकत्र गात होते. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९४८ मध्ये व्यावसायिक गायकांचा रॉबर्ट शॉ कोराल आला. १९६२ मध्ये त्याने बाखचा बी मायनर मास, म्हणजे आपादमस्तक धार्मिक रचना, नास्तिक सोव्हिएत संघात नेऊन गायली. १९६७ पर्यंतची अकरा वर्षं शॉ यांनी क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदात जॉर्ज सेल यांच्या हाताखाली काढली. १९६७ पासून १९८८ पर्यंत ते अटलांटाच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. तिथला मोठा गायकवृंद विनामोबदला गाणाऱ्यांचा. शॉ त्यांना ‘प्रियजनहो’ अशा अर्थाच्या मायन्याने लांबलचक पत्रं लिहीत. त्यांत तालमीतल्या चुका असत, तशीच जगण्या-मरण्याची चर्चाही. १९८८ मध्ये या वृंदासह त्यांनी पूर्व बर्लिनमध्ये नववी सिंफनी सादर केली. भिंत अजून उभी होती.

निवृत्तीनंतर, १९९० पासून, कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या कार्यशाळा भरू लागल्या. तिथे गायला येणाऱ्यांत अनेक जण स्वतःच कंडक्टर आणि संगीतशिक्षक होते. घरी आपापल्या वृंदापुढे उभे राहणारे हे लोक इथे रांगेत बसून ‘वन अँड टू अँड टी’ करत आणि परत गेल्यावर तेच आपल्या गायकांकडून करून घेत. शॉ १९९९ च्या जानेवारीत गेले. ‘टी’ मात्र अमेरिकेतल्या वृंदांच्या तालमींत अजूनही ऐकू येतो.